‘कोणी स्लो झालं, तर तुझी नोकरी गेली!’

प्रत्येक कॉलेजच्या टीममध्ये असा एकजण असतोच. इंज्युरी झालेली, डॉक्टरांनी ग्राउंड बंद केलेलं, आणि मॅचच्या दिवशी तो बाकीच्यांच्या बॅगा आणि मोबाइल सांभाळत बसलेला. ‘होशील रे बरा’ असं सगळेच म्हणतात. पण नाही झाला तर?

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात साठच्या दशकाच्या शेवटी असाच एक विद्यार्थी होता, बॉइड एप्ली. त्याचा खेळ पोल व्हॉल्ट, म्हणजे आपली बांबूउडी. पाठ दुखावली आणि उडी थांबली. मग गडी रोज विद्यापीठाच्या छोट्याशा वेट रूममध्ये जाऊन वजनं उचलू लागला. तिथे फुटबॉल टीममधले जखमी खेळाडूही यायचे. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा.) एप्लीचं बघून तेही तसंच करू लागले.

एक दिवस त्याला फुटबॉलचे असिस्टंट कोच टॉम ऑस्बर्न यांचा फोन आला. खेळाडूंना वेट्स तूच शिकवतोस का? एप्लीला वाटलं, आता झापणार. कारण तेव्हा कोच लोकांची ठाम समजूत होती की वजनं उचलली की अंग आखडतं, खेळाडू जड होतो. (आपल्याकडे फास्ट बोलरला अजूनही कोणीतरी काका हेच सांगत असतात.) पण ऑस्बर्न यांनी पाहिलं होतं की याच्याकडे जाणारी मुलं परत येताना आधीपेक्षा दणकट होऊन येतायत. त्यांना सगळ्या टीमसाठीच हे हवं होतं.

हेड कोच बॉब डेव्हनी मात्र साशंक होते. टीमचे आधीचे दोन सीझन जेमतेम गेलेले, दोन्ही वेळा सहा विजय, चार पराभव. त्यांनी होकार दिला, पण अट घातली : एक जरी खेळाडू स्लो झाला, तर तुझी नोकरी गेली. ऑगस्ट १९६९ मध्ये एप्ली कामाला लागला. पगार तासाला दोन डॉलर.

या अटीमुळेच असेल, पण एप्लीने मोजमापाचा ध्यास घेतला. ४० यार्ड किती सेकंदांत, उभ्या जागेवरून उडी किती, वजन किती उचललं, सगळ्याची नोंद. कोणी स्लो झालंय का, याचं उत्तर कागदावर तयार! १९७० आणि १९७१ मध्ये नेब्रास्का राष्ट्रीय विजेती ठरली. सगळं श्रेय एप्लीला देणं चुकीचं होईल, टीमची आक्रमणाची पद्धतही त्याच सुमारास बदलली होती. पण बाकीच्या विद्यापीठांना ‘असा माणूस’ हवासा वाटू लागला, हे नक्की. १९७८ मध्ये एप्लीने या कोचेसची संघटना काढली. पहिल्या बैठकीला ७६ जण आले होते. तीच आजची एनएससीए.

पुढे खुद्द फुटबॉलपटूच या वाटेला वळू लागले. जो केन हा वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा खेळाडू. तो कॉलेज टीम्सचा स्ट्रेंथ कोच झाला आणि २०११ मध्ये थेट एनएफएलच्या कॅरोलिना पँथर्सकडे गेला. २०१५ च्या सीझनमध्ये या टीमने लीगच्या १६ पैकी १५ मॅच जिंकून सुपर बोल गाठला. फायनल हरली, ते सोडा.

आपल्याकडे हे पद लोकांना कळलं ते क्रिकेटमुळे. २००३ च्या वर्ल्ड कपला भारतीय टीमसोबत दक्षिण आफ्रिकेचे एड्रियन ल रू होते. आता या क्षेत्रात यायचं असणारे अनेकजण एनएससीएचीच ‘सीएससीएस’ परीक्षा देतात. त्यासाठी पदवी लागते, सीपीआरचं सर्टिफिकेट लागतं. ‘जिममध्ये पाच वर्षं घालवलीत’ एवढ्यावर भागत नाही. पहिला पेपर विज्ञानाचा : स्नायू, ऊर्जा, आहार. कॉमर्सवाल्यांची दांडी इथे गुल होऊ शकते. दुसऱ्यात व्हिडिओ आणि चित्रं दाखवूनही प्रश्न विचारतात. समोरचा खेळाडू वजन उचलतोय, त्याचं नेमकं कुठे चुकतंय ते ओळखायचं. बॅगा सांभाळत बसलेला तो मित्र आहे ना, त्याला विचारून बघा. टीममधल्या कोणाचा गुडघा आत वळतो, हे बहुतेक त्याला आधीच माहीत असेल.