सोडून द्यायला शिकवणारी परीक्षा

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी देशभरातले सुमारे तीन लाख उमेदवार संगणकासमोर बसून एमबीएच्या प्रवेशाची ‘कॅट’ परीक्षा देतात. बीड जिल्ह्यातले लाखो ऊसतोड मजूर त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर गेलेले असतात. आई-वडील गेले की म्हातारी माणसे, जनावरे आणि धाकट्यांची शाळा घरातल्या मोठ्या मुलावर नाहीतर मुलीवर येते. मॉक टेस्टचा शेवटचा महिना नेमका हाच. पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये छापून दिलेले वेळापत्रक म्हणूनच इथे जसेच्या तसे चालत नाही. दिवाळीपर्यंत अभ्यास उरकून नोव्हेंबर फक्त सरावाला ठेवायचा, हा बीडच्या विद्यार्थ्यासाठी पहिला नियम.

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई इथल्या अभ्यासिका भरलेल्या असतात, पण एमपीएससी, पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या मुलांनी. त्या परीक्षांना ठरलेला अभ्यासक्रम असतो, ठरलेली पुस्तके असतात आणि जास्त वेळ बसणाऱ्याला त्याचा फायदा होतो. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचे म्हणाल, तर कॅटचा अधिकृत अभ्यासक्रमच जाहीर होत नाही. गणित बहुतेक दहावीपर्यंतचे, आणि पाठ करण्यासारखे फारसे काही नाही. कोणता प्रश्न घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे चाळीस मिनिटांत कुणाला ठरवता येते, एवढेच तिथे तपासले जाते. एकही प्रश्न सोडायचा नाही, या शिस्तीत वाढलेल्या मुलाला हेच सगळ्यात जड जाते.

दोन परीक्षा, दोन स्वभाव

मराठी विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली कॅट. ही परीक्षा आयआयएम घेतात. नागपूरची आयआयएम 2015 मध्ये सुरू झाली आणि पवईच्या ‘निटी’चे 2023 मध्ये आयआयएम मुंबईत रूपांतर झाले, त्यामुळे आता राज्यात दोन आयआयएम आहेत. दुसरी वाट राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए-सीईटीची. तिच्यातून मुंबईचे जमनालाल बजाज, सिडनहॅमचे ‘सिम्सरी’, पुणे विद्यापीठाचे ‘पुम्बा’ अशा संस्थांत आणि राज्यभरच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. अर्ज दोन्हींचे भरावेत, पण दोन्ही पेपर एकाच पद्धतीने सोडवू नयेत.

कॅट 2024 मध्ये 68 प्रश्न होते. इंग्रजी आकलनाचे 24, माहितीचे विश्लेषण व तर्काचे 22 आणि गणिताचे 22. प्रत्येक विभागाला 40 मिनिटे, आणि एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण जातो. सीईटीचा अलीकडच्या वर्षांतला पेपर 200 प्रश्नांचा आणि 150 मिनिटांचा आहे. त्यात तर्काचे 75, आकृत्यांचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50 प्रश्न असतात. चुकीसाठी गुण कापत नाहीत.

आता हिशेब मांडू. समजा, कॅटच्या गणितातले बावीसही प्रश्न पर्यायी आहेत. एकाने ते सगळे सोडवले, दहा बरोबर आले, बारा चुकले. त्याचे गुण 30 वजा 12, म्हणजे 18. दुसरीने अकराच घेतले, नऊ बरोबर, दोन चूक. तिचे 27 वजा 2, म्हणजे 25. निम्मे प्रश्न सोडून ती पुढे गेली. चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडला तर सरासरी कमाई शून्य होते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज मारण्यात थोडा फायदा आहे. सीईटीत गणित उलटे होते. तिथे प्रश्नाला 45 सेकंद मिळतात आणि रिकामे गोल ठेवणे म्हणजे शुद्ध नुकसान. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेले 40 प्रश्न नुसते टिचकी मारून भरले, तरी त्यातून काही गुण हाती येतात.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. 99 पर्सेंटाइल म्हणजे 99 टक्के गुण नव्हेत. शंभर जणांत नव्याण्णवांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. अलीकडच्या वर्षांत कॅटच्या एकूण गुणांपैकी निम्म्याच्या आसपास मिळवणारे तिथवर पोहोचले आहेत. पेपर अर्धा राहिला म्हणून परीक्षागृहात घाबरण्याचे कारण नाही.

दहावीचेच गणित

काळ-काम-वेगाचे एक उदाहरण आपल्याच भाषेत घेऊ. ‘कोयता’ म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. तीन कोयते एक फड 12 दिवसांत तोडतात. चार दिवसांनी एक कोयता गावी परतला. फड संपायला एकूण किती दिवस लागतील? पाटीवर ‘क्ष’ मांडणारा दीड मिनिट घेईल. थेट विचार करणारा म्हणेल, तिघांचे आठ दिवसांचे काम उरले, म्हणजे एका कोयत्याचे 24 दिवसांचे. दोघांना ते 12 दिवस पुरेल. आधीचे चार धरून 16. कागदाला हात न लावता वीस सेकंद.

तयारीचा पाया हाच आहे. टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम-वेग ही अंकगणिताची प्रकरणे आधी पक्की करावीत, मग बीजगणित, मग भूमिती. बालभारतीची आठवी ते दहावीची पुस्तके यासाठी कमी प्रतीची समजू नयेत. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तर तिथूनच सुरुवात करावी. तीसपर्यंतचे पाढे, पंचवीसपर्यंतचे वर्ग आणि एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के अशी अपूर्णांकांची रूपे तोंडपाठ हवीत. या परीक्षेतले पाठांतर जवळजवळ इथेच संपते. कॅटमध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, पण माऊसने एकेक आकडा दाबण्यात जाणारा वेळ परवडत नाही.

आधी मांडणी, मग आकडे

माहितीच्या विश्लेषणाचा विभाग भल्याभल्यांना घाम फोडतो. त्यातले प्रश्न ‘सेट’मध्ये येतात. एक परिस्थिती, काही अटी आणि त्यावर चार-पाच प्रश्न. सराव कसा करावा, हे पीक विम्याच्या ‘बीड पॅटर्न’वरून कळेल. 2020 च्या खरिपात विमा कंपन्या जिल्ह्यात पुढे येईनात, तेव्हा हा प्रयोग इथे झाला. भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंत कंपनी देणार, त्यावरचा भार राज्य सरकारचा. भरपाई कमी झाली तर कंपनीने हप्त्याच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवायची आणि उरलेली सरकारला परत करायची.

समजा, चार हंगामांत हप्ता दर वेळी 100 कोटी आहे आणि भरपाई अनुक्रमे 50, 90, 110 आणि 160 कोटी. पहिल्या हंगामात कंपनी 20 ठेवते, 30 परत करते. दुसऱ्यात उरलेले 10 तिचेच. तिसऱ्यात 10 तोटा. चौथ्यातही तोटा 10 चाच, कारण वरचे 50 सरकारचे. म्हणजे काहीही झाले तरी कंपनीचा हिशेब ‘20 नफा’ आणि ‘10 तोटा’ यांच्या मध्येच राहतो. ही चौकट हाती आली की ‘जास्तीत जास्त तोटा किती’, ‘कोणत्या हंगामात सरकारचा फायदा’ असे प्रश्न भराभर सुटतात. म्हणून सेट दिसताच आकडेमोड सुरू करू नये. पहिली पाच-सहा मिनिटे सगळे सेट नुसते वाचावेत आणि ज्यांची मांडणी डोक्यात बसते ते दोन-तीनच उचलावेत.

इंग्रजीचा डोंगर

दोन्ही परीक्षांचे पेपर इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इथे खचतो आणि गणितावर भरून काढू म्हणतो. तसे होत नाही, कारण आयआयएम प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइल मागतात. कॅटच्या इंग्रजी विभागात मोठा वाटा उताऱ्यांचा असतो आणि ते इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण, पर्यावरण अशा विषयांवरचे असतात. शब्दांच्या याद्या पाठ करून ते उलगडत नाहीत. लेखकाला काय म्हणायचे आहे आणि तो कुठे वळण घेतो, हे ओळखावे लागते.

हे कौशल्य मराठी वाचणाऱ्याकडे आधीच असते. रोजचा अग्रलेख वाचून त्याचा मुद्दा एका वाक्यात वहीत लिहावा. मग त्याच विषयावरचा इंग्रजी लेख घ्यावा. दुष्काळ, कर्ज, स्थलांतर हे विषय ओळखीचे असल्याने अनोळखी शब्द अडवत नाहीत. पहिले दोन-तीन महिने वेग बघू नये. जुन्या कॅटचे पेपर आणि संकेतस्थळावरची अधिकृत मॉक टेस्ट फुकट मिळतात. एक मॉक दोन तासांची असेल तर तिची चिरफाड करायला चार तास द्यावेत, आणि कोणता प्रश्न घ्यायला नको होता, हे लाल शाईने टिपून ठेवावे.

तहसीलचा अभ्यास

अभ्यासाइतकाच कागदांचा विषय महत्त्वाचा, कारण राज्याचे आरक्षण आणि केंद्राचे आरक्षण यांचे वर्ग वेगळे आहेत. वंजारी समाज राज्यात एनटी-डी मध्ये आणि धनगर समाज एनटी-सी मध्ये येतो. कॅटसाठी हे दोघेही केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. मराठा विद्यार्थ्याला 2024 च्या कायद्याचे एसईबीसी आरक्षण राज्यापुरते आहे. आयआयएममध्ये त्याने कुणबी दाखला असल्यास ओबीसीतून, नसल्यास पात्रता असेल तर ईडब्ल्यूएसमधून, नाहीतर खुल्यातून अर्ज भरायचा.

ईडब्ल्यूएसमध्ये एक मेख आहे. उत्पन्न आठ लाखांखाली असले तरी कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल, तर केंद्राचा दाखला मिळत नाही. आष्टी-पाटोद्याची सहा एकर कोरडवाहूही त्यात मोजली जाते. इथे कुटुंब म्हणजे उमेदवार, त्याचे आई-वडील, 18 वर्षांखालची भावंडे आणि लग्न झाले असल्यास जोडीदार व 18 वर्षांखालची मुले. वाटणी न झालेली जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे, हे तलाठ्याकडे उन्हाळ्यातच बघून घ्यावे. राज्याच्या प्रवेशांसाठी जातवैधता आणि नॉन-क्रीमिलेअर यांचीही धावपळ त्याच वेळी करावी.

पैसा आणि मुलाखत

“हे करून नोकरी लागती का रं?” हा घरातला पहिला प्रश्न, आणि फी किती हा दुसरा. मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर जाते. 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. राज्यात 2024-25 पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ही बातमी वाड्या-तांड्यांवर पोहोचायला हवी.

मुलाखतीत जिल्ह्याबद्दल विचारणा होण्याची शक्यता मोठी, आणि तिथे बीडकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो, म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या श्रमावर तारणाविना कर्ज देतो. मजूर मधेच निघून गेला तर तोटा कुणाचा? बँक इथे का पोहोचत नाही? यंत्राने तोडणी वाढली तर या जोडप्यांचे काय? हे प्रश्न ज्याने घरात पाहिले आहेत, त्याने ते दया मागण्याच्या सुरात सांगू नयेत. व्यवहार म्हणून, आकड्यांनिशी मांडावेत.

शेवटी, सोडण्याचा नियम परीक्षेबाहेरही लागू करावा. अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे घालवलेली मुले प्रत्येक गावात आहेत. इथे तो रस्ता धरू नये. दोन प्रयत्नांची मर्यादा आधीच घालून घ्यावी. ज्या महाविद्यालयात जागा रिकाम्या राहतात आणि कोणत्या कंपन्यांनी किती मुले घेतली याचा धड तपशील मिळत नाही, तिथे चार-पाच लाख भरून एमबीए करणे हाही चुकीचा प्रश्न घेण्यासारखेच आहे. मागच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना फोन लावावा, पगाराचे आकडे विचारावेत, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर प्रवेश मिळत असूनही तो घेऊ नये.