आंद्रे रे यांची पंधरा चिन्हे

अवधानन्यूनतेच्या विकाराचे, म्हणजे एडीएचडीचे, निदान जर बव्हंशी रुग्णाच्या स्वतःच्याच जबानीवर अवलंबून असेल, तर त्याचे सोंग घेणाऱ्याला वैद्य ओळखतात तरी कसे, असा प्रश्न एका वाचकांनी विचारला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत हा प्रश्न मुळीच काल्पनिक नाही. कारण तेथे या निदानाचा दाखला हाती आला, की परीक्षेत जादा वेळाची सवलत मिळू शकते आणि एरवी कडक निर्बंधांखाली असलेल्या ॲम्फेटामिनसारख्या उत्तेजक औषधांची वाटही खुली होते.

केंटकी विद्यापीठातील डेव्हिड बेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंटरनेटवर सहज मिळणारी माहिती वाचावयास देऊन आणि पैशाचे आमिष दाखवून, काही निरोगी विद्यार्थ्यांना हा विकार वठविण्यास सांगितले, तेव्हा लक्षणांच्या प्रश्नावल्या त्यांनी बेमालूम भरल्या, आणि नेहमीच्या बहुतेक मानसशास्त्रीय चाचण्यांनाही ते पुरेसे सापडले नाहीत. कामी आल्या त्या वेगळ्याच जातीच्या चाचण्या. आणि त्यांच्या पूर्वजांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावयास हवे, ते जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे आज तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर जवळजवळ अज्ञात आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

रे यांनी १९६४ साली एक साधा कागद पुढे केला. त्यावर तीन-तीनच्या पाच ओळींत पंधरा चिन्हे. ती दहा सेकंद दाखवून मग आठवणीने काढावयास सांगावयाचे, आणि ‘पंधरा’ या संख्येवर मुद्दाम भर द्यावयाचा. वस्तुतः एका ओळीत १, २, ३, दुसरीत मोठ्या लिपीतील ए, बी, सी, तिसरीत तीच अक्षरे लहान लिपीत, चौथीत रोमन आकडे, पाचवीत साध्या भौमितिक आकृती. म्हणजे लक्षात ठेवावयाचे ते फार थोडे! मेंदूला खरोखर इजा झालेल्या माणसालाही यातील बरेचसे साधते. सोंग करणाऱ्याला मात्र किती विसरणे शोभेल याचा अंदाज नसतो, आणि तो नको तितके विसरतो.

पुढे १९७५ साली अमेरिकेत लोरेन पँक्रॅट्झ यांनी बहिरेपणाची शहानिशा करताना दोन पर्यायांतून एक निवडण्याची सक्ती केली. पन्नास प्रश्नांत केवळ अंदाजाने निम्म्याच्या आसपास उत्तरे बरोबर यावयाची; सतरा किंवा त्याहून कमी येण्याचा संभव शंभरात दोनही नाही. इतके चुकण्यासाठी बरोबर उत्तर ठाऊकच असावे लागते! या युक्तिवादाचे सौंदर्य मला आजही मोहविते. कॅनडाचे टॉम टॉम्बॉ यांनी १९९६ साली सिद्ध केलेली पन्नास रेखाचित्रांची प्रसिद्ध चाचणीही दोन पर्यायांच्या याच सक्तीवर उभी आहे.

तथापि या चाचण्या विकार मोजीत नाहीत. त्या केवळ दिलेली कैफियत विश्वसनीय आहे की नाही, एवढेच सांगतात. खरा रुग्णही, आपले दुःख कोणी मनावर घेणार नाही या भयाने, ते वाढवून सांगू शकतो. म्हणून एकाच चाचणीवर निवाडा न देता अनेकींचा मेळ पाहणे अवश्य ठरते. शिवाय २०१३ च्या अमेरिकी निदानसंहितेप्रमाणे काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीची असावी लागत असल्यामुळे, आईवडिलांची साक्ष आणि शिक्षकांच्या शेऱ्यांसह शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागविणे हे तपासणाऱ्याचे कर्तव्यच आहे.