पडलेले उंदीर आणि मृत्यूचे रजिस्टर

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी काही रोगी तपासले आणि हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी ही बंदरालगतची व्यापारी वस्ती. धान्याच्या वखारी आणि त्यांच्या आजूबाजूस दाटीवाटीने राहणारी माणसे. वखारींतून मेलेले उंदीर सापडत होते. त्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवली नाही.

त्या काळी साथीचा माग काढला जाई तो मृत्यूवरून. स्मशानात व दफनभूमीत नोंद होई, आणि त्यावरून म्युनिसिपालिटीचा आरोग्य विभाग दर आठवड्याला भागवार तक्ते करी. मृत्यूचे कारण बहुधा नातेवाईक सांगतील तेच. येथेच घोटाळा होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. घरझडती, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, सामान जाळणे हे सर्व सुरू झाले. मग कोण सांगणार, की आमच्या घरात गाठ निघाली होती? कारणाच्या रकान्यात साधा 'ताप' लिहिला जाऊ लागला. १८९८ च्या मार्चमध्ये तर अशाच एका तपासणीवरून शहरात दंगल झाली. नोंद करणाऱ्याचीच धास्ती वाटू लागली, की नोंद खोटी होते. यात लोकांना दोष देणे मला पटत नाही.

यावर अधिकाऱ्यांनी एक युक्ती योजली. कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यू पाहायचे. समजा, एखाद्या भागात एरवी आठवड्याला १०० माणसे दगावतात. या आठवड्यात १८० दगावली आणि प्लेगच्या नावावर ५० च पडली. मग वरची ३० कशाने गेली? खोटे कारण लिहिता येते, प्रेत लपवणे त्याहून पुष्कळ कठीण. मात्र मृत्यूचे प्रमाण काढताना भागायचे कशाने? १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. पण साथीच्या भीतीने लाखो माणसे गावी पळाली होती. जुन्या आकड्याने भागले, तर मागे राहिलेल्यांवरचे संकट खरे होते त्याहून लहान दिसे.

या सगळ्यात माणसेच मोजली जात होती. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. पुष्कळांनी ते मानले नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले, तेव्हा कुठे शहरातले उंदीर गोळा होऊ लागले, कोणत्या ठिकाणचा उंदीर हे नोंदले जाऊ लागले. आधी उंदरांत मरी पसरते आणि साधारण १० ते १४ दिवसांनी माणसांत, असे त्यातून दिसून आले. मृत्यूचे रजिस्टर जी खबर उशिरा देत होते, ती उंदराने आधीच दिलेली असे. आपल्याकडच्या खेड्यांत हे शास्त्र कोणी वाचले नव्हते. पण घरात उंदीर पडू लागले, की माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत.