एका जेवणावरची पळती

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळी पोरींचा खो-खो घेते. पालक मैदानाच्या कडेला येऊन विचारतात, "बाई, पळून पळून पोरीला मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे. सोयाबीनच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं, त्या घरानं तो विचारायलाच हवा. उत्तर म्हणून मी त्यांना सारिका काळेची कारकीर्द सांगते. सुरुवात पदकांपासून करत नाही, जेवणापासून करते.

सारिका आपल्या धाराशिवची. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, आणि घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. तेराव्या वर्षी नात्यातल्या एकानं तिला मैदानावर नेलं. पुढं जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसाला एकाच जेवणावर काढली, हे तिनंच सांगितलंय. जरा वेगळं ताट समोर यायचं ते शिबिरात, नाहीतर स्पर्धेला गेल्यावर.

याचा अर्थ कळायला खो-खो अंगातून काय काढून घेतो ते माहीत हवं. आठ जणी पाटीत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला बसलेल्यांमधून पलीकडं जाता येत नाही, धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. तिच्या हातात फक्त खो. पळणारीला मात्र कुठूनही घुसायची मुभा. पण तिच्यामागं दर दोन-चार पावलांना नवी, ताज्या दमाची पोर उठते. पळणाऱ्या एका वेळी तिघी उतरतात. दोघी बाद झाल्या की उरलेली एकटीच साखळी खेळत राहते, आणि ती जितकी टिकेल तितका संघाचा वेळ वाचतो. अडीच मिनिटं पळती म्हटली की ऐकायला थोडी वाटते. मैदानावर त्यात शेकडो वळणं असल्यासारखं वाटतं. उपाशी पोर मला लांबून ओळखू येते. पहिल्या हुलकावण्या ती झकास देते, मग खांबाजवळ वळताना तिचा गुडघा लटपटतो.

अशा पोटानं सारिका भारताची कर्णधार झाली. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि तिच्या संघानं सुवर्णपदक आणलं. त्याच वर्षी घरच्या ओढाताणीनं ती इतकी खचली होती की खेळ सोडायच्या विचारानं खोलीत कोंडून बसली होती. आजीनं ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली, त्यांनी समजूत काढली आणि ती परत मैदानात उतरली. सुवर्णपदकाच्या वर्षातली ही गोष्ट मी पालकांना मुद्दाम सांगते. गळ्यात पदक आलं म्हणून घरातली चूल आपोआप पेटत नाही.

ती पेटली नोकरीनं. २०१९ मध्ये तिला शासकीय नोकरी मिळाली आणि ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार आला. खो-खोच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी येत होता. पुरस्काराचा अभिमान मला आहेच, पण मला विचाराल तर ही नोकरी त्याहून मोठी. महाराष्ट्रात शासकीय भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांना अजून ठाऊक नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे. तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या पोरी वाढल्यात. शाळेची खिचडी मात्र दुपारीच होते आणि सराव संध्याकाळी. म्हणून आम्ही काही शिक्षक मिळून भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ ठेवतो.

पालकसभेत माझं मागणं एवढंच असतं: सरावाच्या दिवशी पोरीला एक भाकरी जास्त बांधून द्या, आणि दहावी झाली म्हणून तिचं मैदान बंद करू नका. सारिका पहिल्यांदा मैदानावर गेली तेव्हापासून गुवाहाटीच्या त्या सुवर्णपदकापर्यंत दहाएक वर्षं गेली होती.