पोटाचा जुनाट आजार आणि गांजाचे ओळखपत्र

अमेरिकेतील अनेक राज्यांत आतड्याच्या काही दीर्घ आजारांसाठी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर गांजा मिळतो. हे प्रमाणपत्र कोणाला मिळते, त्यातून खरोखर काय साधते आणि तेथे राहणाऱ्या भारतीयांनी कोणता धोका ओळखून असावे?

"अगं, गांजा म्हणजे ते बैरागी चिलमीत भरून ओढतात तोच ना? आणि तो तू घेणार?" पुण्याहून आई फोनवर विचारते. पलीकडे फ्लोरिडात राहणारी लेक काही क्षण गप्प राहते. आठ वर्षांपासून तिला क्रोन्सचा आजार आहे. दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला जावे लागते, पोटात मुरडा येतो, जेवणाची धास्ती वाटते, वजन घटत चालले आहे. औषधे चालू आहेत, पण आराम पूर्ण नाही. "आई, इथे डॉक्टरच त्याचं प्रमाणपत्र देतात गं," ती सांगते. आईचा विश्वास बसत नाही.

असे संभाषण आज अमेरिकेतील कोणत्याही भारतीय घरात होऊ शकते. आईची शंका चुकीची नाही आणि लेकीचे म्हणणेही खोटे नाही. मात्र या दोहोंच्या मध्ये बरेच काही आहे, जे आधी समजून घ्यायला हवे.

आजार कोणता, हे आधी ठरवा

क्रोन्सचा आजार हा आतड्याच्या दाहाचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला हे नाव पडले. तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या कोणत्याही भागात तो होऊ शकतो. आतड्याच्या भिंतीला खोलवर सूज येते, व्रण पडतात, कधी आतडे अरुंद होते, तर कधी भगंदर होते. भारतात त्याची लक्षणे आतड्याच्या क्षयासारखी दिसत असल्याने दोहोंची गल्लत होण्याचा धोका असतो.

त्याचा जवळचा भाऊ म्हणजे मोठ्या आतड्यापुरता मर्यादित असणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस. या दोघांना मिळून 'आयबीडी' म्हणतात. याहून वेगळा विकार म्हणजे 'आयबीएस'. त्यात पोट दुखते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते, पण तपासणीत आतड्यात सूज किंवा व्रण सापडत नाहीत. नावातला हा एका अक्षराचा फरक ओळखपत्राच्या बाबतीत फार मोठा ठरतो.

राज्य बदलले की नियम बदलतात

औषध म्हणून गांजाला मान्यता देणारे पहिले अमेरिकन राज्य कॅलिफोर्निया. तेथील मतदारांनी १९९६ मध्ये तसा कौल दिला. त्यानंतर एकेक राज्य पुढे आले, पण प्रत्येकाने आपापली यादी केली. इलिनॉयच्या २०१३ च्या कायद्यात क्रोन्सचे नाव होते. आयबीएसचा समावेश तेथे २०१९ मध्ये झाला. पेनसिल्व्हेनियाच्या २०१६ च्या कायद्यात आतड्याच्या दाहाचे विकार आले. टेक्सासचा कार्यक्रम बरीच वर्षे अगदी आखडता होता. २०२५ च्या दुरुस्तीने क्रोन्स व आतड्याच्या दाहाचे इतर विकार त्यात आले. याउलट ओक्लाहोमाने २०१८ मध्ये आजारांची यादीच केली नाही, निर्णय डॉक्टरांवर सोपवला. न्यू यॉर्कनेही २०२२ पासून तोच मार्ग धरला.

म्हणून शेजारच्या राज्यातील मैत्रिणीला ओळखपत्र मिळाले, तेव्हा आपल्यालाही मिळेलच, असे धरून चालू नये. आपण ज्या राज्यात राहतो, त्या राज्याची यादी पाहावी.

फ्लोरिडातील पायऱ्या

सुरुवातीच्या संभाषणातील लेक फ्लोरिडात राहते, तेव्हा तेथील पद्धत पाहू. तेथे घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागतात. २०१४ चा प्रयत्न त्यामुळेच थोडक्यात फसला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मात्र ७१ टक्के मतदारांनी कौल दिला. त्या दुरुस्तीतील आजारांच्या यादीत कर्करोग, अपस्मार, काचबिंदू, पार्किन्सन्स यांच्याबरोबर क्रोन्सचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे नाव नाही. मात्र यादीतील आजारांशी तुल्य असा आजार असल्यास डॉक्टर कारणे नोंदवून प्रमाणपत्र देऊ शकतात.

पहिली पायरी डॉक्टरांची. प्रत्येक डॉक्टरला हे प्रमाणपत्र देता येत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. अनेकदा आपला नेहमीचा पोटाचा डॉक्टर या यादीत नसतो. पहिल्या वेळी रुग्णाने समक्ष जाऊन तपासून घ्यावे लागते. जाताना निदानाचे कागद बरोबर असलेले बरे: दुर्बिणीने केलेल्या आतड्याच्या तपासणीचा अहवाल, बायोप्सी, स्कॅन, रक्त व शौचाच्या तपासण्या आणि आतापर्यंत घेतलेल्या औषधांची यादी. 'पोट दुखते' एवढे सांगून काम भागत नाही. भारतात निदान झाले असेल, तर तेथले जुने अहवालही जपून न्यावेत.

फायदा हा धोक्यापेक्षा अधिक आहे असे डॉक्टरांना वाटले, तर ते रुग्णाचे नाव राज्याच्या नोंदवहीत चढवतात. मग रुग्णाने राज्याच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करायचा. त्यासाठी फ्लोरिडाचे रहिवासी असल्याचा पुरावा, छायाचित्र आणि शुल्क लागते. हे शुल्क ७५ डॉलर ठरविण्यात आले. ओळखपत्राची मुदत एक वर्षाची असते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र २१० दिवसांनी पुन्हा घ्यावे लागते. रुग्ण १८ वर्षांखालील असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचीही संमती हवी.

माल फक्त परवाना असलेल्या केंद्रातूनच घ्यायचा. घरी कुंडीत रोप लावण्याची मुभा नाही. किती घ्यायचा, तेल, गोळी की आणखी कोणत्या रूपात, हे डॉक्टर नोंदवतात. खर्च मात्र रुग्णाच्याच खिशातून जातो. तपासणीची फी, ओळखपत्र आणि औषध, यांतील औषधाचे पैसे तरी विमा कंपनीकडून मिळतील अशी आशा धरू नये.

येथे एक बारकावा आहे. ही डॉक्टरची 'चिठ्ठी' नव्हे. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला सर्वांत कडक प्रवर्गात टाकले होते. त्यामुळे डॉक्टर तो लिहून देऊ शकत नव्हते, फक्त शिफारस करू शकत होते. अशी शिफारस हा डॉक्टरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निकाल केंद्रीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये दिला आणि त्यावरच ही सारी व्यवस्था उभी राहिली.

गांजा आतड्यात काय करतो?

गांजातील नशा आणणारे द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्रायलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळे काढले. पुढे कळले की, आपल्या शरीरातच या द्रव्याला प्रतिसाद देणारी केंद्रे आहेत, मेंदूत आहेत तशी आतड्यातही. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत शरीरात तयार होणारे असे एक द्रव्य सापडले. त्याला नाव दिले 'आनंदामाइड', आणि त्यातला 'आनंद' हा आपल्या संस्कृतातलाच. ही केंद्रे चेतवली की, आतड्याची हालचाल मंदावते, मळमळ कमी होते, वेदना बोथट होतात, भूक लागते. क्रोन्सच्या रुग्णाला गांजाने बरे का वाटते, याचे उत्तर यात आहे.

पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. इस्रायलमधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये क्रोन्सच्या २१ रुग्णांवरील आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. गांजा घेतलेल्या ११ पैकी १० जणांची लक्षणे बरीच कमी झाली. बिनऔषधी गांजा घेतलेल्या १० पैकी चौघांनाही आराम वाटला. मात्र रक्तातील सुजेच्या खुणा विशेष बदलल्या नाहीत. याच गटाने २०२१ मध्ये ५६ रुग्णांना तेल देऊन पाहिले. लक्षणे कमी झाली, जगणे सुसह्य झाले, पण दुर्बिणीतून पाहिल्यावर आतड्यातील सूज तशीच होती.

मुख्य मेख येथेच आहे. वेदना दबली की, रुग्णाला वाटते आजार गेला. तो मूळ औषध सोडतो. आत दाह चालूच राहतो, आतडे अरुंद होते आणि एक दिवस थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. कॅनडात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सहा महिन्यांहून अधिक काळ गांजा घेणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत शस्त्रक्रियेचे प्रमाण जास्त आढळले. गांजामुळेच ते वाढले, की ज्यांचा आजार आधीच तीव्र होता तेच गांजाकडे वळले, हे त्यावरून सांगता येत नाही. पण सावध व्हायला एवढे पुरे.

आणखीही धोके आहेत. दीर्घकाळ व वारंवार गांजा घेणाऱ्या काहींना उलट्यांचे तीव्र झटके येतात आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच आराम पडतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी हे प्रथम मांडले. पोटाचा आधीच आजार असलेल्या माणसात हा प्रकार ओळखणे अवघड जाते. तंबाखूत मिसळून ओढणे तर सर्वांत वाईट, कारण तंबाखूने क्रोन्स बळावतो. गरोदरपणी आणि गाडी चालविण्यापूर्वी तो घेऊ नये. रक्त पातळ करणारे वॉरफरिनसारखे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

परदेशी नागरिकांनी विशेष जपावे

ज्या घरात एखादा तरी सदस्य व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहे, तेथे हा प्रश्न केवळ औषधाचा राहत नाही. परदेशी नागरिकांविषयीचे निर्णय केंद्र सरकार घेते, राज्य नव्हे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याने स्पष्ट केले की, राज्यात कायदेशीर असला, तरी गांजाशी संबंधित व्यवहार नागरिकत्वाच्या अर्जातील 'सद्वर्तना'च्या अटीआड येऊ शकतो. अर्जदाराने मुलाखतीत सहज दिलेली कबुलीही महागात पडू शकते. म्हणजे जे ओळखपत्र दुकानात उपयोगी पडते, तेच दुसऱ्या टेबलावर अडचणीचे ठरू शकते.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने गांजा तिसऱ्या, सौम्य प्रवर्गात नेण्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ही प्रक्रिया लवकर पूर्ण करण्याचा आदेश काढला. तरीही राज्याचे ओळखपत्र म्हणजे केंद्राचे अभय, असे समजू नये. अर्ज भरण्यापूर्वीच स्थलांतराच्या कायद्याचा जाणकार वकील गाठावा. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल, तर कंपनीचा नियमही आधी पाहावा.

आणि सुटीत भारतात येताना तेलाची एखादी बाटलीसुद्धा सामानात टाकू नये. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे हा गुन्हा आहे. फ्लोरिडाचे ओळखपत्र मुंबईच्या विमानतळावर कोणी विचारात घेणार नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

खरे तर आईला हे झाड अगदीच परके नाही. १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत, म्हणूनच काही राज्यांत होळीला व महाशिवरात्रीला भांग चालते. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात आणि ग्रहणीच्या विकारात देण्यात येणाऱ्या जातीफलादी चूर्णात ती असते. पाश्चात्त्य वैद्यकाला या झाडाची नीट ओळख करून देणारा डॉक्टर विल्यम ओशॉग्नेसी यानेही १८३९ मध्ये आपले प्रयोग कलकत्त्यातच मांडले होते. पण जुन्या वैद्यांनीही ते मोजून, इतर द्रव्यांबरोबर आणि देखरेखीखाली दिले, हे विसरू नये.

तेव्हा लेकीने आईला इतकेच सांगावे: हे नशेसाठी नाही, पण रामबाणही नाही. मूळ औषध बंद करायचे नाही, दुर्बिणीची तपासणी टाळायची नाही आणि घेत असलेली कोणतीही गोष्ट आपल्या पोटाच्या डॉक्टरांपासून लपवायची नाही. एवढे पाळायची तयारी असेल आणि व्हिसाचा प्रश्न आधी सोडवला असेल, तरच त्या अर्जावर सही करावी.