मूकपट पाहताना: 'कालिया मर्दन'पासून सुरुवात

मूकपटांतली माणसे तुरुतुरु चालतात, हा गैरसमज बहुतेक चुकीच्या वेगाचा परिणाम असतो. त्या काळात चित्रीकरण साधारण सेकंदाला 16 ते 20 चौकटींच्या वेगाने होई. बोलपटांनी 24 चौकटी रूढ केल्या. जुनी फीत नव्या वेगाने चालवली की गंभीर प्रसंगही विनोदी होतो. योग्य वेगाची प्रत मिळाली तर निम्मी अडचण तिथेच संपते.

'मूक' हे नावही तसे फसवेच. चित्रपटगृहात पेटी, तबला किंवा पियानो वाजत असे आणि कथेचा धागा पडद्यावरच्या पाट्या जोडून देत.

मराठी प्रेक्षकासाठी दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (1919) ही उत्तम सुरुवात. त्यात बाळकृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधीच ही चिमुरडी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक बदलून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. संवाद नसताना अभिनय कशावर उभा राहतो, हे त्या काही क्षणांत कळते. पुढे यमुनेतली कालियाशी झुंज आहे. ट्रिक फोटोग्राफीवरची फाळक्यांची पकड तिथे दिसते.

भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. नायट्रेटची फीत चटकन पेट घेणारी, जपणूकही हेळसांडीची. त्यामुळे अगदी थोडे वाचले. 'राजा हरिश्चंद्र'चाही (1913) काही भागच उरला आहे. फाळक्यांच्या चित्रपटांचे हे उरलेले अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहेत.