वेसाइड इन (सडबरी)

वेसाइड इन ही अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सडबरी या गावची ऐतिहासिक पांथशाळा आहे. बॉस्टनच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटरवर, बॉस्टन व न्यू यॉर्क यांना जोडणाऱ्या जुन्या टपालमार्गावर ती वसली आहे. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो या कवीच्या काव्यसंग्रहामुळे तिला कीर्ती मिळाली आणि आजचे नावही त्यातूनच लाभले.

== हाऊ घराण्याचा काळ ==
डेव्हिड हाऊ याने १७१६ मध्ये आपले राहते घर वाटसरूंसाठी खुले केले. प्रवासी, गाडीवान व त्यांचे घोडे यांची येथे मुक्कामाची सोय होई. पुढे घराण्याच्या चार पिढ्यांनी हा व्यवसाय चालवला आणि वाढत्या वर्दळीबरोबर मूळच्या लहान घराला नव्या खोल्या जोडल्या गेल्या. डेव्हिडचा मुलगा इझिकिएल याच्या काळात ही जागा 'रेड हॉर्स' या नावाने ओळखली जात असे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, १९ एप्रिल १७७५ रोजी, इझिकिएल सडबरीच्या लोकसैनिकांसह काँकर्डकडे गेला होता.

एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आल्यावर टपालमार्गावरील घोडागाड्यांची वाहतूक ओसरली. शेवटचा मालक लायमन हाऊ १८६१ मध्ये वारला. तो अविवाहित होता. त्याच्यानंतर घराण्यातील कोणी हा व्यवसाय पुढे चालवला नाही.

== लाँगफेलोचे काव्य ==
लाँगफेलोने १८६२ मध्ये या वास्तूला भेट दिली. 'टेल्स ऑफ अ वेसाइड इन' हा त्याचा संग्रह १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पांथशाळेतील शेकोटीभोवती जमलेली मंडळी एकमेकांना कथा सांगतात, अशी त्याची रचना आहे. त्यातील मालकाचे पात्र लायमन हाऊवर बेतलेले असून पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीची सुप्रसिद्ध कविता त्याच्याच तोंडी आहे. म्हणजे काव्यात ही पांथशाळा गजबजली, तेव्हा तिचा खरा मालक हयात नव्हता.

पुस्तकाच्या लोकप्रियतेमुळे वाचकांची पावले सडबरीकडे वळू लागली. एडवर्ड लेमन या लोकर-व्यापाऱ्याने १८९७ मध्ये वास्तू विकत घेऊन तिला लाँगफेलोच्या संग्रहातील नाव दिले.

== हेन्री फोर्डची मालकी ==
मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड याने १९२३ मध्ये ही मालमत्ता खरेदी केली. अमेरिकेचे पूर्वीचे ग्रामजीवन लोकांना पाहता यावे, हा त्याचा हेतू होता. आसपासची विस्तीर्ण जमीन घेऊन त्याने १९२६ मध्ये स्टर्लिंग गावातील जुनी शाळा येथे हलवली. १९२९ मध्ये पाणचक्की व १९४० मध्ये मार्था-मेरी चॅपल उभे राहिले. हा परिसर जुना भासत असला, तरी त्याचा मोठा भाग विसाव्या शतकातील आहे.

दारावरून जाणाऱ्या मोटारींपासून वास्तूला उपद्रव होऊ नये म्हणून फोर्डने महामार्गासाठी स्वखर्चाने वळणरस्ता बांधून घेतला. रस्त्याच्या आश्रयाने जन्मलेली पांथशाळा टिकवण्यासाठी रस्ताच तिच्यापासून दूर न्यावा लागला. आणि तो दूर नेणारा माणूस अमेरिकेच्या घराघरांत मोटार पोहोचवणारा होता.

== आग व पुनर्बांधणी ==
डिसेंबर १९५५ मध्ये लागलेल्या आगीत इमारतीचे मोठे नुकसान झाले. फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने तिची पुनर्बांधणी होऊन १९५८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

== सद्यस्थिती ==
आज ना-नफा तत्त्वावरील विश्वस्त संस्थेमार्फत येथे भोजन व निवासाची व्यवस्था चालते. पाणचक्कीत अद्याप धान्य दळले जाते. अमेरिकेतील सर्वांत जुन्या चालू पांथशाळांमध्ये तिची गणना होते. मात्र १८६१ नंतरचा खंड आणि १९५५ ची आग लक्षात घेता, हे सातत्य भिंतींपेक्षा जागेचे व नावाचे अधिक आहे.